जल-तरु-तृण-काष्ठ : स्थावर हक्काच्या मराठी परिभाषेविषयी काही विचार

काही वर्षांपूर्वी एम. ए. च्या वर्गात पेशवेकालीन मोडी इनामपत्रांचे वाचन चालू असता एका विद्यार्थ्याने शंका विचारली. गाव इनाम दिला एवढे लिहून भागले असते. मग त्या गावातील पाणी, झाडे, गवत, लाकूड आणि दगड ह्यांची वेगळी मोजदाद कशासाठी? ही लेखनिकांची ठरीव भाषा होय, असे उत्तर देऊन मी त्या वेळी पुढे गेलो. उत्तर चुकीचे नव्हते. परंतु भाषेच्या अध्यापकाला ते शोभणारेही नव्हते. भाषा ठरीव का होते आणि ती ठरविताना कोणाचे हितसंबंध गुंतलेले असतात, हेच तर शोधावयाचे असते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम त्या वाक्याकडेच वळू. मराठी इनामपत्रांत गाव ‘दरोबस्त, कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी, जल-तरु-तृण-काष्ठ-पाषाण-निधि-निक्षेपसहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून’ दिलेला असतो. शब्दांचा क्रम आणि संख्या थोडीफार बदलते. ठेवण बदलत नाही. वाक्याचा पूर्वार्ध फार्सी-अरबी आहे व उत्तरार्ध संस्कृत आहे. शेवटी पुन्हा फार्सी-अरबी येते. ‘दरोबस्त’ म्हणजे समग्र. ‘बाब’ म्हणजे कराचे सदर. ‘पेस्तर’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. फार्सीत त्याचा रूढ अर्थ ‘पूर्वी’ असा, तर मराठीत ‘येणारा, पुढचा’ असा. पेस्तर साल म्हणजे येते वर्ष. म्हणजे आज चालू असलेले कर आणि उद्या बसविले जातील ते कर, असे दोन्ही देणगीत आले.

ह्या मिश्र वाक्यातील संस्कृत भाग मराठी दफ्तराने नव्याने रचला नाही. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाचे वर्णन वृक्षांसह, सीमांसह, चाट-भटांचा म्हणजे राजसेवकांचा प्रवेश नसलेला, चंद्रसूर्य असेपर्यंत भोगावयाचा, अशा विशेषणांच्या माळेने केलेले असते. यादवकालीन लेखांत व पुढे विजयनगरच्या लेखांत ‘अष्टभोगतेजःस्वाम्य’ हा समास येतो. निधि, निक्षेप, जल, पाषाण, अक्षीणी, आगामी, सिद्ध आणि साध्य हे ते आठ भोग. त्यांपैकी पहिले चार आपल्या मराठी वाक्यात जसेच्या तसे उतरले आहेत. उरलेल्यांतील ‘सिद्ध’ व ‘आगामी’, म्हणजे आज हाती असलेले उत्पन्न आणि पुढे होणारे उत्पन्न, ह्यांचीच जागा ‘हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी’ ह्या जोडीने घेतली असावी, असा माझा तर्क आहे. तो खरा असेल, तर राज्ये बदलली, दरबारची भाषा बदलली, तरी हक्काचा आराखडा मात्र लेखनिकांच्या हातून पुढच्या पिढीकडे जात राहिला, असे म्हणावे लागेल.

परंतु ह्या वाक्यातील सर्वांत वजनदार शब्द संस्कृत नाहीत. ते शेवटी येतात : ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून’. एवढे सारे दिले, परंतु ज्यांचे हक्क गावात आधीपासून आहेत ते वगळून दिले. मग दिले तरी काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्राने राजाला फारसे न रुचणाऱ्या शब्दांत देऊन ठेवले होते. विश्वजित् यागात यजमानाने आपले सर्वस्व दान करावयाचे असते. सार्वभौम राजाने तो याग केला, तर त्याने पृथ्वीच देऊन टाकावी काय? जैमिनीच्या पूर्वमीमांसेतील सहाव्या अध्यायाने ह्याचे उत्तर नकारार्थी दिले आहे, कारण भूमी सर्वांना सारखीच आहे. राजाला रक्षणाबद्दल पिकाचा भाग मिळतो, तेवढ्याने तो मातीचा धनी होत नाही. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने हाच मुद्दा ‘व्यवहारमयूखा’त व्यवहाराच्या पातळीवर आणला. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, काशीस स्थायिक झालेले. आणि मुंबई, गुजराथ व उत्तर कोकण ह्या भागांत ‘मयूखा’ला पुढे न्यायालयांनी विशेष प्रमाण मानले. नीलकंठाचे म्हणणे असे की, राजाने देश जिंकला तरी त्या त्या गावातील शेताचे स्वत्व त्या त्या भौमिकाचेच राहते. राजाला मिळतो तो केवळ कर घेण्याचा अधिकार. म्हणून राजा ज्याला क्षेत्रदान म्हणतो ते वास्तविक भूमिदान नव्हेच. ती वृत्तीची, म्हणजे उपजीविकेची, योजना होय. मात्र राजाने भौमिकाकडून शेत विकत घेतले असेल तर गोष्ट वेगळी. स्वतःजवळ नाही ते दुसऱ्यास देता येत नाही, हे स्थावराच्या कायद्यातील आद्य तत्त्व नीलकंठाने राजासही लावले आहे. इनामपत्रातील ‘खेरीज हक्कदार’ ही त्याच तत्त्वाची दफ्तरी आवृत्ती मानावयास हरकत नाही.

आता हे हक्कदार कोण ते पाहू. येथे भाषेच्या अभ्यासकाला खरे खाद्य आहे.

मराठी मुलखातील जमिनीच्या जुन्या हक्कासाठी ‘मालकी’ हा शब्द सहसा योजलेला आढळत नाही. शब्द येतो तो ‘मिरास’. हा अरबी शब्द असून ‘वारस’, ‘वारसा’ ज्या धातूपासून आले त्याच धातूपासून तो आला आहे. त्याचाच देशी जोडीदार ‘थळ’, म्हणजे संस्कृत ‘स्थल’. मिरासदाराला ‘थळकरी’ म्हणत, आणि गावातील थळांची घराण्यांच्या नावांनिशी केलेली नोंद म्हणजे ‘थळझाडा’. ज्या घराण्याचा वंश खुंटला किंवा जे परागंदा झाले, त्याची जमीन ‘गतकुळ’. आणि जो दुसऱ्याच्या थळावर किंवा गतकुळ जमिनीवर ठरावाने राबे, तो ‘उपरी’. आजही परक्या माणसाला आपण उपरा म्हणतो. ह्या सगळ्या शब्दांत एक समान धागा आहे. वस्तूवरील सत्ता त्यांपैकी एकही शब्द सांगत नाही. प्रत्येक शब्द माणसाचे कुळाशी, कुळाचे जागेशी आणि जागेचे गावाशी असलेले नाते सांगतो. जमीन माझी आहे, ह्यापेक्षा मी ह्या थळाचा आहे, असे म्हणणे त्या भाषेत अधिक सोपे होते.

म्हणूनच मिरासदार दुष्काळात किंवा दंग्यात गाव सोडून गेला, तरी त्याची मिरास सहजी बुडत नसे. तो किंवा त्याचा वंशज परत आला की थळावर हक्क सांगे, आणि गाव ते ऐकून घेई. येथे ‘मिताक्षरे’तील एक चर्चा आठवते. आपल्या देखत परक्याने जमीन भोगली आणि आपण वीस वर्षे मौन धरले तर हानी होते, असे याज्ञवल्क्य सांगतो. हानी कशाची? कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळी लिहिणारा विज्ञानेश्वर म्हणतो की, हानी फलाची. म्हणजे गेल्या पिकांवर दावा लावता येणार नाही. परंतु भूमीचे स्वत्व नष्ट होत नाही. आजचा मुदतीचा कायदा ह्याच्या अगदी उलट बोलतो. 1963 च्या कायद्याप्रमाणे प्रतिकूल कब्जाची बारा वर्षे भरली की मूळ धन्याचा हक्कच विझतो. दोन्ही विचारांना आपापले समर्थन आहे. राबणाऱ्याला स्थैर्य हवे हे खरे. पण ज्या मुलखात पाऊस दर काही वर्षांनी माणसांना देशोधडीला लावतो, तेथे परतीची वाट मोकळी ठेवणारा नियम अडाणीपणाचा होता असे मला वाटत नाही.

मिरास विकताही येत असे. मिरासपत्रे लिहिली जात आणि गतकुळ जमीन पाटील व गावकरी मिळून मिरासीने देत. परंतु विक्री ही दोघांतली खाजगी गोष्ट नव्हती. मिताक्षरेने उद्धृत केलेल्या एका वचनात जमीन सहा गोष्टींनी हस्तांतरित होते असे म्हटले आहे : स्वतःचा गाव, ज्ञाती, सामंत आणि दायाद ह्यांची अनुमती, तसेच सुवर्ण आणि उदक. ह्यातील ‘सामंत’ म्हणजे मांडलिक राजा नव्हे, तर ज्याची हद्द आपल्या हद्दीला भिडते तो शेजारी. शब्दाचा मूळ अर्थ तोच. विज्ञानेश्वर लगेच स्पष्ट करतो की, गावाची अनुमती व्यवहार प्रकट व्हावा म्हणून आहे, तिच्यावाचून विक्री अगदीच असिद्ध होते असे नाही. आणि सामंतांची अनुमती सीमेचा वाद टळावा म्हणून. पाणी व सोने कशासाठी? तर स्थावराची विक्री निषिद्ध मानलेली असल्यामुळे ती दानाच्या वेषात करावी लागे. ह्या जुन्या टीकाकाराची सडेतोड वृत्ती पाहून मला नेहमी कौतुक वाटते. विधी कशासाठी आहे हे तो लपवीत नाही.

मराठी काळातील महजर वाचताना हेच सारे डोळ्यांसमोर उभे राहते. गोत जमलेले, पाटलाने नांगराची निशाणी केलेली, बलुत्यांनी आपापल्या हत्यारांच्या निशाण्या केलेल्या, चतुःसीमा सांगितलेल्या. गावाच्या साक्षीने झालेली गोष्ट हीच नोंदणी होती. आज शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तावाचून होत नाही. व्यवहार लपून राहू नये, हा हेतू तोच; फक्त गावाच्या जागी कचेरी आली.

ह्या चित्राला सोनेरी चौकट बसविण्याचा मोह आवरला पाहिजे. ‘वतन’ हा शब्द अरबीत वसतिस्थान, मायभूमी ह्या अर्थाचा. पाटील-देशमुखांच्या लेखी तो अभिमानाचा झाला, इतका की रामचंद्रपंत अमात्याच्या ‘आज्ञापत्रा’त वृत्तिवंतांना राज्याचे दायादच म्हटले आहे, आणि त्यांपासून राजाने सावध राहावे असे बजावले आहे. मिताक्षरेतला दायाद येथे राजाच्या घरात शिरलेला दिसतो! परंतु तोच ‘वतन’ शब्द महारांच्या वाट्याला आला तेव्हा त्याचा अर्थ निराळा झाला. तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात अहोरात्र सेवेचे बंधन, आणि तेही वंशपरंपरेने. 1874 च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले, ते ह्याच कारणाने. स्थावर हक्क माणसाला उभा करतो, हे तत्त्व सर्व ग्रंथ सांगतात. तो माणसाला बांधूनही ठेवतो, हे महार वतनाने दाखविले. कनिष्ठ गावकामगारांची वतने 1958 च्या कायद्याने नष्ट झाली. जमिनी परत देण्यात आल्या; परंतु कलेक्टरच्या मंजुरीवाचून त्या विकता येऊ नयेत, ही अट राहिली.

1818 मध्ये पेशवाई गेली. नव्या राज्यकर्त्यांनी आपल्याबरोबर वेगळ्याच इतिहासातून घडलेली कल्पना आणली होती. इंग्लंडात स्थावराला ‘रिअल’ म्हणतात ते ती वस्तू खरी म्हणून नव्हे. लॅटिन ‘रेस’ म्हणजे वस्तू. ज्या दाव्यात नुकसानभरपाई नव्हे, तर गेलेली जमीनच परत मिळे, तो रिअल दावा, आणि म्हणून ती रिअल मालमत्ता. तेथेही तत्त्वतः सर्व भूमी राजाची. प्रजाजनाच्या हाती असतो तो काही काळाचा किंवा वंशपरंपरेचा ‘इस्टेट’. 1290 च्या कायद्याने स्वतंत्र भूमिधारकाला वरिष्ठ सरदाराच्या परवानगीवाचून जमीन विकण्याची मुभा मिळाली, आणि सहा शतकांत हा हक्क बाजारातल्या मालासारखा सुटसुटीत झाला. आमच्याकडील मीमांसक राजाला धनी मानीत नव्हते, पण विक्रीवर गावाचा डोळा ठेवीत होते. त्यांच्याकडील पंडित राजाला धनी मानीत होते, पण विक्री मोकळी ठेवीत होते. दोन्ही व्यवस्थांची गाठ दख्खनमध्ये पडली, आणि ज्याला ज्यात सोय वाटली ते त्याने उचलले. सरकारने त्यांची राजसत्ता घेतली. सावकाराने त्यांची मोकळी विक्री घेतली.

एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात मिरासदारांना ठरीव करावर जमीन धारण करणारे धनी म्हणून ओळखले होते. पण 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी जी मोजणी व आकारणी सुरू केली, तिच्या हिशेबी मिरासदार आणि उपरी हा भेद निरुपयोगी होता. जमिनीचा सर्व्हे नंबर, त्यावरील आकार आणि तो भरणारा माणूस, एवढेच पुरे. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने त्या माणसाला इंग्रजीत ‘ऑक्युपंट’ म्हटले, आणि त्याचा हक्क वारसाने जाणारा व हस्तांतरणीय ठरविला. मात्र तो महसूल भरण्याच्या अटीवर. मराठीत ह्या शब्दाला ‘कबजेदार’ हा पर्याय रूढ झाला. अरबी ‘कब्जा’ म्हणजे मूठ, पकड. मिरास ह्या शब्दात पूर्वजांकडून आलेले नाते होते. कबजात उरली ती मूठ. मूठ सुटली की जमीन गेली.

उपऱ्याला ह्या बदलाने लाभ झाला, हे नाकारता येणार नाही. काल जो परका होता तो सरकारदरबारी मिरासदाराच्या रांगेत बसला. परंतु ज्या दिवशी जमीन विनासायास विकता येऊ लागली, त्याच दिवशी ती तारण म्हणून मोलाची झाली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील कापसाची तेजी 1865 नंतर ओसरली, फेरआकारणीत सारा वाढला, आणि दिवाणी न्यायालयाचे हुकूमनामे शेतापर्यंत पोहोचू लागले. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा झाला. पुढे तो पसरला, आणि जागोजाग कुणब्यांनी सावकारांकडून कशाची मागणी केली? प्राधान्याने खतांची, रोख्यांची, हुकूमनाम्यांची. कागद जाळले की हक्क जळतो, ही त्यांची समजूत कायद्याच्या दृष्टीने खुळी होती. पण ज्यांचा हक्क पिढ्यान् पिढ्या गावाच्या स्मरणात राहिला होता, त्यांना तो नवा हक्क कागदातच राहतो असे वाटावे, हे अगदी स्वाभाविक होते.

1879 चा दख्खन शेतकरी सवलत कायदा हा ह्या अनुभवाचा एक परिणाम. 1901 ची दुरुस्ती हा दुसरा. थकबाकीत सरकारजमा झालेली जमीन विक्रीच्या अधिकारावाचून पुन्हा देण्याची तरतूद हिने केली, आणि तिला विरोध करून फिरोजशहा मेहता, गोखले प्रभृती सभासद कौन्सिलातून उठून गेले. विकण्याची मुभा काढून घेणे म्हणजे रयतेचे संरक्षण की तिच्या हक्काचा संकोच, हा वाद तेव्हा मिटला नाही. ‘जुनी शर्त’ आणि ‘नवी शर्त’ हे शब्द मात्र तेथपासून प्रत्येक खेड्यात पोहोचले.

दरम्यान आपले इनामपत्रातील वाक्य न्यायालयात उभे राहिले होते. इनामदाराला माती मिळाली की केवळ सरकारी वसूल मिळाला, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई उच्च न्यायालयापुढे वारंवार आला. ‘जल-तरु-तृण-काष्ठ’ ही पदे असतील तर भूमीही दिली असे मानावे काय? आणि ‘खेरीज हक्कदार’ असेल तर गावातील जुना मिरासदार सुरक्षित मानावा काय? एका अर्थाने इनामदार जमीनधनी व शेतकरी त्याचे कूळ ठरत होता. दुसऱ्या अर्थाने शेतकरी धनी व इनामदार केवळ सारा घेणारा. लेखनिकाने सवयीने लिहिलेल्या शब्दांवर कुटुंबेच्या कुटुंबे शेतात राहतात की बाहेर पडतात, हे ठरू लागले. वर्गात मी ज्याला ठरीव भाषा म्हणून मोकळा झालो, ती ही.

‘कूळ’ ह्या शब्दाचा प्रवासही ह्याच काळातला. थळझाड्यात कुळ म्हणजे घराणे, थळाचा धनी. पुढे सारा भरणारे ते कूळ. मग सावकाराच्या वहीत देणेकरी तो कूळ. आणि अखेर दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा तो कूळ. एका शब्दाच्या अशा उतरणीत दख्खनच्या रयतेचा शंभर वर्षांचा इतिहास सामावला आहे. 1948 च्या कूळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 ह्या कृषिदिनाने, त्या दिवशी कसणाऱ्या कुळाला जमिनीचा खरेदीदार मानून, ह्या शब्दाचे जुने स्थान काही अंशी त्याला परत दिले.

1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने ‘कबजेदार’ बाजूस सारून ‘भोगवटादार’ हा शब्द स्वीकारला. वर्ग एक आणि वर्ग दोन, म्हणजे स्थूलमानाने जुनी आणि नवी शर्त. अष्टभोगातला भोग असा फिरून सातबाराच्या उताऱ्यावर आला, ह्याचा मला आनंद वाटतो. परंतु भोगांची यादी आता पूर्वीची राहिलेली नाही. नद्या-ओढे आणि त्यांचे पाणी राज्याचे. पाषाणाच्या पोटातील खनिजे राज्याची. सापडलेला निधी 1878 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावयाचा. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा मुंबई इलाख्यात 1893 साली लागू झाला. त्याच्या व्याख्येत उभे इमारती लाकूड, उभे पीक आणि गवत ही स्थावरात मोडतच नाहीत. म्हणजे तृण व काष्ठ ह्यांना शास्त्रशुद्धपणे जंगमात ढकलले आहे. एका व्यापक शब्दाने सर्व काही झाकावयाचे ठरविले, आणि मग एकेक कलम करून तीच जुनी सात पदे वेगळी काढावी लागली.

खरेदीखत लिहिणाऱ्यांपर्यंत ही वार्ता पोहोचलेली दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या नात्यातील एक तीस गुंठ्यांचे खरेदीखत तपासून देण्यासाठी माझ्याकडे आले. संगणकावर टंकलेले, मुद्रांकाचे पैसे भरलेले. चतुःसीमांनंतर लिहिले होते : येणेप्रमाणे मिळकत, त्यातील जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप व तदंगभूत वस्तूंसह, जाण्यायेण्याच्या वहिवाटीच्या हक्कासह. विकणाऱ्याने आपले नसलेले पाणी, आपला नसलेला निधी आणि कायद्याने जंगम ठरलेले गवत असे सर्व काही विकले होते. घेणाऱ्याने विचारले, ह्यातले काही खोडावे काय? मी म्हटले, राहू द्या.